चमेलीबाईच्या हातावरची पहारेकरीण

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. सुईच्या टोकावर आम्ही कितीतरी जणी दाटीवाटीने बसू, एवढा आमचा जीव. तरीही मला जुनी म्हणायला हरकत नाही. अकरा वर्षं मी एकाच जागी राहते आहे. चमेलीबाईच्या उजव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, कातडीच्या आत. मी तिची एक पांढरी पेशी आहे. डॉक्टर मला टी पेशी म्हणतात. पहारा देणं हे माझं काम, आणि संशय घेणं हा माझा स्वभाव.

चमेलीबाई परकरात हिंडणारी पोर होती, तेव्हा तिच्या हाडाच्या पोकळीत माझा जन्म झाला. तिथून मला छातीच्या हाडामागच्या एका लहानशा ग्रंथीत पाठवलं गेलं. ती आमची शाळा. तिथे प्रत्येकीच्या अंगावर एक पकड तयार होते. तिला रिसेप्टर म्हणतात. प्रत्येकीच्या पकडीचा आकार वेगळा, आणि जो मिळाला तो जन्मभराचा. ज्यांची पकड चमेलीबाईच्याच शरीराला घट्ट धरू लागली, त्यांना शाळेतून बाहेर पडूच दिलं नाही. मी मात्र पास झाले. पुढे कितीतरी वर्षं मी रक्तातून नुसती फिरत होते. माझ्या पकडीत बसेल असं काही मला भेटलंच नाही.

चमेलीबाईचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं, चोपड्याकडचं. सासर एरंडोलजवळच्या एका लहान गावात. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा प्रकाश केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस दिल्लीच्या वाटेवर. चमेलीबाई मांडे करायची. लग्न असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, एरंडोलपासून भडगावपर्यंत तिला बोलावणं यायचं. तिच्याबरोबर भडगावची सरिता असायची. दोघी जोडीनं काम करत.

मांडा करताना तुम्ही कोणाला पाहिलंय का? पुरण भरलेला गोळा आधी पोळपाटावर लाटायचा. मग तो उचलून हातांवर घ्यायचा, आणि या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत वाढवायचा. तो कोपरापर्यंत येतो, धोतरासारखा पातळ होतो, तरी फाटत नाही. मग तो चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. चमेलीबाईचा मांडा पाहायला नवरीकडच्या बायका हातातली कामं टाकून यायच्या.

अकरा वर्षांपूर्वी भडगावच्या एका लग्नात तिच्या उजव्या हाताला तापलेल्या खापराची कड लागली. फोड आला, फुटला, जखम पिकली. आत जंतू शिरले. धोक्याची वर्दी रक्तात पोचली आणि आम्ही हजारो जणी धावलो. तिथे एका जंतूचा तुकडा माझ्या पकडीत चपखल बसला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी ओळखलं! आम्ही लढलो, जखम भरली, बाकीच्या निघून गेल्या. मला मात्र तिथेच राहायचा हुकूम झाला. शत्रू पुन्हा त्याच वाटेने आला तर त्याला ओळखणारं कोणीतरी हवं.

मी राहिले. कातडीच्या पेशी आपल्या आतल्या मालाचे बारीक तुकडे बाहेर धरून दाखवत असतात. मी एकेकीपाशी जायची, चाचपायची, पुढे सरकायची. सगळं ठीक असायचं. माझ्यावरून मांडे फिरायचे, पिठाचा गारवा कातडीतून आत यायचा. त्या वर्षांत मला कोणी ओळखत नव्हतं, आणि मी कोणाला त्रासही दिला नाही. आज मागे वळून पाहिलं की तीच वर्षं चांगली वाटतात.

दोन वर्षांपूर्वी प्रकाशचं लग्न झालं आणि हेमलता घरात आली. ती पहूरची, बारावी शिकलेली. पहूरकडची बोली वेगळी, इकडची अहिराणी तिच्या जिभेला वळेना, म्हणून ती घरात पुस्तकासारखं बोलायची. "आई, पाणी ठेवलंय." "आई, जेवून घ्या." चमेलीबाईला आधी ते गोड वाटलं. मग हळूहळू खुपायला लागलं. इतकं नीट बोलणाऱ्या माणसाच्या मनात नक्की काय चाललंय, हे तिला कळेना.

पण हेमलता कामाची होती. मांडे करून सासू घरी आली की ती खोबरेल तेल घेऊन बसायची आणि खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हात चोळून द्यायची. लग्नाच्या गर्दीतलं पाणी बाधून सासूला जुलाब झाले, की गावातल्या मेडिकलमधून गोळ्या आणायची, मऊ खिचडी करायची, आणि गोळी पाण्याबरोबर हातात द्यायची.

मित्रांनो, माझी गोष्ट खरी सुरू होते ती त्या गोळीपासून.

पहिल्यांदा पाच दिवस गोळ्या चालल्या. त्या औषधाचे बारीक कण रक्तातून माझ्यापर्यंत आले. कातडीच्या पेशींनी नेहमीसारखे तुकडे बाहेर धरले होते, आणि काही तुकड्यांना हे कण चिकटले होते. मी चाचपलं आणि थबकले. काहीतरी ओळखीचं लागत होतं. अगदी तोच आकार नव्हता, पण जवळचा होता. मी त्या वेळी काही केलं नाही. मनात मात्र नोंदवून ठेवलं. चूक त्या आकाराची की माझ्या पकडीची, हे मला आजही नीट सांगता येत नाही. शास्त्रज्ञांनाही हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही म्हणतात.

चार महिन्यांनी पुन्हा एक लग्न झालं आणि पुन्हा चमेलीबाईचं पोट बिघडलं. दुपारी चारला हेमलतेनं गोळी दिली. नंतर रोजच्यासारखं हाताला तेल लावलं. साडेपाचच्या सुमारास ते कण माझ्या पकडीत आले, आणि या वेळी मी थांबले नाही. मी पकड घट्ट केली आणि हाक दिली. माझ्यासारख्या आणखी जणी जाग्या झाल्या. कातडीच्या ज्या पेशींनी ते कण धरले होते, त्यांनाच आम्ही शत्रू समजून मारलं. शेजारणींनाच मारलं हो मी! ज्यांच्यात इतकी वर्षं राहिले, त्यांना.

चमेलीबाईच्या हातावर रुपयाएवढा लाल, मग जांभळा गोल उठला. आगआग झाली, खाज सुटली. हेमलतेनं काळजीनं त्याचा फोटो काढून प्रकाशला पाठवला. आठ दिवसांनी सूज उतरली, पण कातडीच्या मेलेल्या पेशींमधला रंग खाली झिरपून बसला होता. तिथे काळा डाग राहिला.

गोल उठला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सरिता आली होती. तिनं हात उलटसुलट करून पाहिला.

"काय वं चमेली, चटका लागना का?"

"नही वं. काल खापरजवय गयीच नही मी."

"मंग? तेल लायं व्हतं का?"

"लायं व्हतं. सूननी."

सरितेनं फक्त "हं" म्हटलं आणि हात खाली ठेवला. तेवढं पुरलं. संशयाचं बी तेवढ्यानेही पडतं. मी स्वतः संशयी, त्यामुळे दुसऱ्याचा संशय मला लगेच कळतो.

तेव्हापासून चमेलीबाई हेमलतेकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागली. तेलाची बाटली ती उघडून हुंगायची. भाजीत सून आधी काय टाकते, नंतर काय टाकते, हे दारात उभी राहून बघायची. एकदा सून शेजारी गेली असताना तिनं तेच तेल आपल्या डाव्या हाताला चोळलं आणि दिवसभर वाट पाहिली. डाव्या हाताला काहीच झालं नाही. तुम्हाला वाटेल, आता तरी संशय फिटला असेल. नाही. तिला वाटलं, मी तपासणार हे हिला ठाऊक असणार, म्हणून हिनं बाटली बदलली असणार.

तिसऱ्यांदा गोळी आली तेव्हा मी आधीपेक्षा लवकर पेटले. डाग लिंबाएवढा झाला. शिवाय माझ्या जातीच्या काही जणी रक्तातून जाऊन दुसरीकडे वस्तीला बसल्या होत्या. एकीनं खालच्या ओठाच्या कडेला जागा धरली होती. तिथेही डाग उठला. हेमलता घाबरली. तिनं पुन्हा मोबाईलवर फोटो काढला आणि प्रकाशला पाठवला. चमेलीबाईनं ते पाहिलं आणि तिच्या मनात आलं, ही माझा बिघडलेला हात लेकाला दाखवते आहे, म्हणजे आता माझं काम सुटणार आणि घर हिच्या हातात जाणार.

मग फाल्गुनात एरंडोलला एक मोठं लग्न निघालं. चमेलीबाई आणि सरिता चुलीपाशी बसल्या. कणीक सुरेख तिंबली होती. चमेलीबाईनं पहिला गोळा हातावर घेतला, फिरवायला सुरुवात केली, आणि मांडा पातळ होत गेला तसा त्याच्याखालून माझा काळा डाग दिसायला लागला. बघायला आलेल्या बायका एकमेकींकडे पाहून मागे सरकल्या. नवरीची काकू पुढे आली.

"बाई, त्या हातवर काय शे?"

"डाग शे."

"कसाना डाग?"

"माहीत नही. जुना चटका व्हता तठेच उठना."

काकूनं तिच्या ओठाकडेही पाहिलं. आवाज अगदी मऊ करून ती म्हणाली, "तुमी तथा खुर्चीवर बसा, चहा पी ल्या. मांडा सरिताक्का करी."

मागून कोणीतरी कुजबुजलं, "रगतपिती शे वाटस." रगतपिती म्हणजे महारोग. हातावरचा अर्धा वाढलेला मांडा चमेलीबाईनं खापरावर टाकला. भाजला. काढून घडी घालून ठेवला. तो कोणी उचलला नाही. ती संध्याकाळपर्यंत तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली, कारण उठून गेलं तर खरंच वाटेल, असं तिला वाटलं.

घरी आल्या आल्या तिनं चपलाही काढल्या नाहीत.

"काय लावस तू मन्हा हातले? सांग!"

हेमलता पोळपाट धूत होती. "काय झालं, आई?"

"लोके माले दूर बसाडतस. मन्हा मांडाले कोनी हात लावत नही. काय लावस तू?"

"खोबरेल तेल. तुमच्यासमोरच बाटलीतून काढते ना मी."

"बाटली समोर शे, पन मनमा काय शे, कोनी देखं?"

हेमलतेनं पोळपाट भिंतीला टेकवून ठेवलं. हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती पहूरला निघून गेली. तिनं भांडण केलं नाही, रडलीही नाही. त्याचाही चमेलीबाईनं उलटाच अर्थ लावला. प्रकाशनं ट्रक बाजूला लावून रस्त्यातून फोन केला, तर आईनं त्याला एवढंच विचारलं, "तुले फोटो कसाले धाडे ती?"

मित्रांनो, त्या दिवसांत मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की सून नाही, तेल नाही, मी आहे. पण बोलता येत असतं तरी मी सांगितलं असतं का? मलाही माझंच खरं वाटत होतं. मी शत्रूलाच मारते आहे, अशी माझी खात्री होती. खात्री असलेला संशय फार वाईट.

वैशाखात सरितेच्या भाचीचं लग्न भडगावला ठरलं. सरितेनं स्वतः येऊन चमेलीबाईला नेलं. "लांब बाहीनं पोलकं घाल आनी पुरन वाट. मांडा मी करसू," ती म्हणाली. निघताना चमेलीबाईनं हेमलतेच्या डब्यात राहिलेली जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. सुनेवर भरोसा नव्हता, तिच्या गोळीवर होता. त्या गोळीनं दर वेळी पोट थांबलं होतं.

भडगावला दोन दिवसांत पोट बिघडलं. तिनं कोणाला न सांगता एक गोळी घेतली, तासाभरानं दुसरी.

त्या दुपारी जे झालं ते सांगायला मला लाज वाटते. मी पेटले, ओठावरची पेटली, आणि पाठीवर, मांडीवर, बोटांच्या बेचक्यांत, जिथे जिथे आमच्या जणी गुपचूप बसल्या होत्या तिथे तिथे सगळ्या एकदम पेटल्या. जांभळे गोल उठले, एकमेकांत मिसळले, त्यांवर फोड आले. तोंड आतून सोललं. चमेलीबाईला थुंकी गिळता येईना. सरितेनं हाताला लागेल ती गाडी करून तिला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत सरिता पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "सून त् आठे नव्हती. सून त् आठे नव्हती!" मग जरा थांबून म्हणाली, "कोनी दूरतीन करं का काय?" म्हणजे लांबून कोणी करणी केली का. संशय मेला नव्हता. त्यानं फक्त जागा बदलली होती.

दवाखान्यात कातडीच्या विभागात तहरीम नावाची तरुण डॉक्टर होती. तिचे वडील एरंडोलला शिवणकाम करायचे, त्यामुळे तिला अहिराणी कळायची. तिनं आधी फोड पाहिले, डोळे पाहिले, तोंड पाहिलं. मग कापसाची बारीक वात करून चमेलीबाईला डोळे मिटायला सांगितलं आणि ती वात माझ्या जुन्या डागावर टेकवली.

"काही कळतंय, मावशी?"

"समजस. आग व्हस."

"महारोगाच्या डागाला सहसा बधिरपणा असतो. हा तसला डाग दिसत नाही. आणि असता तरी औषधांनी बरा झाला असता, त्यासाठी कोणाला दूर बसवायची गरज नसते." मग तिनं विचारलं, "हे उठायच्या आधी कुठली गोळी घेतली होती?"

चमेलीबाईनं मान हलवली. "गोयी नही, औषद नही. सरिताना घरनं खादं, तेच."

खोटं बोलली ती. ज्या सुनेला घराबाहेर काढलं तिच्याच डब्यातली गोळी चोरून खाल्ली, हे सरितेसमोर कसं सांगणार? शिवाय जुलाबाची गोळी सगळे खातात, तिनं काय होतं?

तहरीमनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, उत्तर तेच आलं. तीही संशयीच होती, मित्रांनो. पण तिच्या संशयाची रीत वेगळी होती. ती संशय आला की प्रश्न विचारायची, आणि उत्तर पटलं नाही की पुन्हा विचारायची. मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. परिचारिकांना तिनं बजावलं, "मला विचारल्याशिवाय यांना एकही औषध द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चमेलीबाईच्या पोटात पुन्हा मुरडा आला. सरिता चहा आणायला गेली होती. चमेलीबाईनं उशाशी ठेवलेल्या लुगड्याच्या पदराची गाठ कशीबशी सोडवली. पट्टीत तीन गोळ्या शिल्लक होत्या. पण बोटांवर फोड, पट्टीची चांदी काही फुटेना. आणखी एक गोळी आली असती तर आम्ही काय केलं असतं, ते मला पक्कं माहीत होतं. आम्ही थांबलो नसतो.

तेवढ्यात दारात हेमलता आली. प्रकाशचा फोन गेल्यावर ती पहूरहून पहिल्या बसने निघाली होती. सासूचा चेहरा पाहून तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग कॉटजवळ आली. चमेलीबाईनं तिच्याकडे पाहिलं. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते. तिनं पट्टीच पुढे केली आणि खुणेनं सांगितलं, फोडून दे.

हेमलतेनं पट्टी हातात घेतली. अंगठा गोळीवर ठेवला. आणि थांबली.

"ही तुम्ही कधी घेतली, आई?"

चमेलीबाईनं पुन्हा पट्टीकडेच बोट केलं.

"काल घेतली? भडगावला? हे सगळं उठायच्या आधी?"

चमेलीबाईनं नजर वळवली. हेमलतेनं पर्समधून मोबाईल काढला. ती प्रकाशला पाठवलेले जुने निरोप वर सारत गेली. ज्येष्ठातला निरोप सापडला, "आईंना जुलाब होताहेत, आता गोळी दिली." वेळ दुपारची चार. त्याच्याखाली सातचा फोटो, हातावरचा लाल गोल. पौषातला निरोप, "पुन्हा पोट बिघडलं, गोळी दिली." आणि दीड तासानं हाताचा आणि ओठाचा फोटो. हेमलता ते पुन्हा पुन्हा खालीवर करत होती. मग ती धावत बाहेर गेली आणि तहरीमला घेऊन आली.

तहरीमनं फोटो पाहिले, वेळा पाहिल्या, पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली.

"याच गोळीवर माझा दाट संशय आहे. अशी ॲलर्जी असते. ती गोळी पोटात गेली की दर वेळी त्याच जागी डाग उठतो. त्या जागी शरीराच्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात आणि त्या या औषधाला चुकून शत्रू समजतात. गोळी लाखो लोकांना चालते. यांना मात्र आता कधीच द्यायची नाही."

कोणीतरी पहिल्यांदाच माझं नाव घेतलं होतं. अकरा वर्षं वाट पाहिली होती, आणि ओळख झाली ती अशी.

हेमलता कॉटच्या कडेला टेकली. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "दर वेळी माझ्याच हातून." तिचा आवाज अगदी खाली गेला. "आई, तुम्ही म्हणत होतात ते खरंच होतं."

सरिता चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. ती आत येईना. चमेलीबाईनं डोळे मिटून घेतले. मग तिनं तो काळा, फोडांनी भरलेला उजवा हात उचलला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला.

"तू दिन्ही, ती माले बरं वाटाले दिन्ही," ती एकेक शब्द सावकाश म्हणाली. "मी तुले काय दिन्हं?"

हाताला धक्का लागू नये म्हणून हेमलता मांडी न हलवता बसून राहिली. सरितेचा चहा निवून गेला.

बारा दिवसांनी चमेलीबाई घरी आली. तोंड भरलं, कातडी आली, पण सगळीकडे काळे डाग राहिले. तहरीमनं एका जाड कार्डावर त्या औषधाचं खरं नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं. "मेडिकलवाल्याला आधी हे दाखवायचं. वरची नावं बदलतात, आतलं औषध तेच असतं."

एरंडोलच्या त्या घरातून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. काही घरं बोलावतात, पण लांब बाहीचं पोलकं घालून या म्हणतात. चमेलीबाई आता लांब बाही घालत नाही. कोणी डागाकडे बघितलं तर ती हात पुढे करून सगळी हकीकत सांगते, सुनेला काय बोलली तेसुद्धा वगळत नाही. तो भाग सांगताना ती अजून अडखळते. हेमलता सासरी राहायला आली, मात्र लगेच आली नाही, दीड महिन्यानं आली. मधला तो दीड महिना प्रकाश आईशी फारसा बोलला नाही.

गेल्या महिन्यात चमेलीबाईचं पोट पुन्हा बिघडलं. ती आणि हेमलता मेडिकलमध्ये गेल्या. दुकानदारानं न विचारता एक पट्टी काढून दिली. वेगळा रंग, वेगळं नाव. चमेलीबाईनं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"आक्का, ही ती नाही. ही दुसऱ्या कंपनीची आहे," दुकानदार म्हणाला.

"मांगे काय लिखेल शे, ते वाच."

"अहो, तेच सांगतोय..."

"वाच ना भाऊ. माले बारीक दिसत नही. जोरमा वाच."

दुकानदारानं चष्मा लावला आणि पट्टीमागची अक्षरं मोठ्यानं वाचायला लागला. तिसरा शब्द वाचताना त्याचा आवाज अडला. त्यानं कार्डाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि पट्टी गुपचूप परत फळीवर ठेवली. मग साखर-मिठाच्या पाण्याची पुडी देऊन तो म्हणाला, "आज हेच घ्या, आणि डॉक्टरांना दाखवा."

मित्रांनो, मी अजून इथेच आहे. त्या औषधाचा एक कण आला तरी पुन्हा पेटणार आहे. मला समजावून सांगायची सोय नाही. मला पश्चात्ताप होतो, पण पकड बदलता येत नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्याही अंगात, तुमच्या आईच्या, आजीच्या अंगात असू शकते, आणि ती कधी चुकेल हे तिलाही ठाऊक नसतं. म्हणून गोळी घेताना तिचं आतलं नाव विचारा. गोळीनंतर अंगावर काही उठलं तर त्याचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. घेतलेली गोळी लपवू नका. आणि घरातल्या कोणावर संशय आलाच, तर तो मनात ठेवून रोज चाचपत बसू नका, समोर बसून विचारा. मला ते कधी जमलं नाही. तुम्हाला तोंड आहे.